फोंडा ते पणजी, रोजची सेडान : एक पावसाळा काढल्यावर

हे लिहायला बसले ते सर्व्हिस सेंटरने हातात ठेवलेल्या त्या एस्टिमेटमुळे. नाहीतर गाडी पाडव्याला घेतली, पेढे वाटले, फोटो टाकले, विषय संपला होता. अनुभव वगैरे लिहिण्याची हौस मला नाही.

गाडीचं नाव देत नाही. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक, चार मीटरपेक्षा लांब, मधलं व्हेरिएंट. या गटात आता मोजक्याच गाड्या उरल्यात आणि पुढे जे लिहिलंय ते त्यातल्या कुठल्याही गाडीला लागू पडेल. मारुतीची सियाझही बंद झाली. डिझेल शोधत असाल तर या गटात आता ते मिळत नाही, वेळ घालवू नका.

माझा रस्ता फोंड्याहून फर्मागुडी, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, भोम, बाणस्तारी, जुने गोवे, कदंब पठार आणि शेवटी पणजीतला पाटो. एका बाजूने तीस किलोमीटरच्या आसपास. म्हार्दोळला एक आणि मंगेशीला एक अशा दोन सहकारी बसतात, पेट्रोल तिघींत. त्यामुळे मायलेजचा हिशेब मी एकटी करत नाही, तिघी मिळून करतो आणि तो फार कडक असतो.

घरात सगळ्यांचा कल एसयूव्हीकडे. आमच्या ह्यांचं एकच पालुपद, ‘आपल्या रस्त्यांवर सेडान? बुड घासून जाईल.’ मी मात्र कमरेचं दुखणं घेऊन गाडी शोधत होते. उंच गाड्या दोन-तीन चालवून पाहिल्या. बसायला-उतरायला त्या सोप्या, हे कबूल. सासूबाईंना आजही आमच्या गाडीतून उतरताना हात द्यावा लागतो. पण भोमच्या वळणांवर उंच गाडी डोलते, आणि डोलणाऱ्या गाडीत अंग सावरायला कंबर सतत ताठ धरावी लागते. सेडानमध्ये आपण खाली बसतो, पाय पुढे जातात, गाडी वळणात तितकी झुकत नाही. संध्याकाळी घरी उतरल्यावर फरक कळतो. शोरूममध्ये मी ड्रायव्हरच्या सीटवर नुसती बसून राहिले होते, गाडी बंद, मोबाइल बंद. सेल्समनची चुळबूळ सुरू झाली तरी उठले नाही. मांडीखाली आधार आहे की नाही ते पाच मिनिटांत कळत नाही, वीस मिनिटांत कळतं. दोन गाड्या मी तिथेच बाद केल्या.

आणखी एक सांगते, शोरूमवाले सांगणार नाहीत. वरच्या व्हेरिएंटला मोठी चाकं आणि चपटे टायर येतात. दिसायला झकास, पण खड्ड्याचा दणका थेट मणक्यात. खालच्या-मधल्या व्हेरिएंटला १५ इंची चाक असेल तर टायरची बाजू जाड असते आणि ती अर्धा दणका पिऊन टाकते. जास्त पैसे मोजून कमी आराम घ्यायचा हे माझ्या गणितात बसलं नाही. सनरूफही नको म्हटलं, त्याबद्दल पुढे.

आता बुड घासण्याचं. हा विषय घरात इतका चघळला गेला की मी शेवटी गणितच मांडलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. सेडानच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.६ मीटरच्या आसपास. म्हणजे गाडी मधोमध असताना चारही चाकं त्या उंचवट्यावरच असतात आणि मधला फुगवटा पोटाखाली फक्त पाच सेंटिमीटर वर येतो. होंडा सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची उंची, १६५ मिलिमीटर, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस यांचा १७९. कुठलीही निवांत जाईल. आपल्या वाड्यावाड्यांवरचा गतिरोधक मात्र हातभर रुंद. पुढची चाकं पलीकडे उतरलेली, मागची अलीकडे, आणि सगळीच्या सगळी उंची थेट पोटाखाली. त्यात मागे तिघं बसले आणि डिकीत सामान असलं की गाडी आणखी खाली दबते. माहितीपत्रकातला आकडा बहुतेक रिकाम्या गाडीचा असतो. असा अरुंद गतिरोधक मी तिरका घेते, एका वेळी एकच चाक चढतं. मागचा टिप्परवाला हॉर्न वाजवतो, वाजवू दे.

तरी एकदा घासली. दिवाडीला जाताना, जुने गोवेच्या धक्क्यावर, गाडीत पाच माणसं. ओहोटी होती, फेरीबोटीची फळी चांगलीच उतरती, आणि पुढच्या बंपरखालचं प्लास्टिक फळीच्या टोकाला करकरलं. बोटीवरचा माणूसही ‘सावकाश’ म्हणाला, पण घासून झाल्यावर. ह्यांना त्या दिवसापासून जे तोंड मिळालं ते जुलैपर्यंत बंद झालं नाही. मलाही तेव्हा वाटलं होतं की सेडानचा खरा उणेपणा हाच.

जुलैत मत बदललं. गोव्यात गाडीचा शत्रू रस्ता नाही, ओल आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो इथे, आणि त्या दिवसांत कपाटातल्या पट्ट्यालाही बुरशी धरते. गाडीत आधी कुबट वास यायला लागला. वाटलं, ओल्या छत्र्या. मग एक दिवस शेजारी बसणारी मंगेशीची मैत्रीण म्हणाली, ‘अगं, माझी चप्पल भिजलीय, आणि छत्री तर मागे आहे.’ पाटोला गाडी लावून रबरी मॅट उचलली. खालच्या कार्पेटवर बोटं दाबली तर बोटांभोवती पाणी वर आलं. दोन दिवस उघडीप मिळाली तरी तसंच. म्हणजे दाराच्या रबरातून पाऊस शिरत होता असंही नाही.

सर्व्हिस सेंटरने गाडी दोन दिवस ठेवून घेतली. मग सल्लागाराने सांगितलं, ‘मॅडम, हीटर कोअर लीक असणार. डॅशबोर्ड उतरवावा लागेल.’ आकडा पाच आकडी. त्यात ‘इंटिरिअर डीप क्लीनिंग’ आणि ‘अँटीबॅक्टेरिअल ट्रीटमेंट’ वेगळी. मी म्हटलं, गाडी नवी आहे, वॉरंटीत बसवा. तो म्हणाला, पाणी बाहेरून शिरलं असेल तर वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं, हीटर कोअर गाडीच्या आत असतो की बाहेर? त्यावर तो कॉम्प्युटरकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, ‘सरांना जरा फोन द्याल का?’

गाडी माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून, जीए ०५ ची पाटी लावताना सही माझी. सर घरी टीव्ही बघत होते. फोन दिला नाही.

हीटर कोअर आतली हवा गरम करतो, त्यातून इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरतं. तो गळला तर आत येणाऱ्या पाण्याला रंग असतो, चिकटपणा असतो, गोडूस वास येतो, काचेवर तेलकट पापुद्रा धरतो आणि बॉनेटखालच्या टाकीतली कूलंटची पातळी उतरते. माझ्या गाडीतलं पाणी स्वच्छ, पातळी खुणेवर. एवढं मी त्याला टाकीजवळ नेऊन दाखवलं. ‘टेक्निशियनचं मत आहे मॅडम.’ गाडी घेऊन निघाले. तपासणीचे पैसे मात्र त्यांनी लावलेच.

ढवळीला एक मेस्त, म्हणजे मेकॅनिक, आहे, ह्यांची जुनी स्कूटर तोच सांभाळतो. त्याने पाना हातात घेतला नाही. म्हणाला, ‘उदक खंयच्यान येता तें पयलीं पळोवया.’ पाणी कुठून येतं ते आधी बघूया. एसी पूर्ण जोरात लावून गाडी चालू ठेवली आणि खाली वाकून बसला. जमीन कोरडी. बस, त्याला कळलं.

एसीची आतली जाळी थंड होते आणि दमट हवेतलं पाणी तिच्यावर सुटतं. ते खालच्या तबकात जमतं आणि एका रबरी नळीतून गाडीखाली टपकतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात एसी चालू असलेल्या गाडीखाली थारोळं असायलाच हवं. नसेल तर ते पाणी गाडीतच राहतंय, आणि तबक भरलं की डाव्या सीटच्या पायाशी उतरतंय. त्याने गाडी वर घेतली, इंजिनामागच्या पत्र्यातून बाहेर आलेलं नळीचं टोक काढलं, आत नायलॉनची जाड तार घातली, दोन-तीनदा फिरवली. आधी काहीच नाही. मग एकदम भसकन पाणी आलं, त्याच्या बाहीवर, पातेल्यात, जमिनीवर. पातेल्यात तळाशी चहाच्या चोथ्यासारखा गाळ बसला. बोटाने पसरून पाहिला तर बुळबुळीत शेवाळ आणि त्यात चिंचेची बारीक पानं.

गाडी आमच्या दारातल्या चिंचेखाली उभी असते, त्यामुळे पानं वायपरखालच्या जाळीतून आत जाणार हे ठीक. पण मध्ये केबिन फिल्टर असतो, त्याने ती अडवायला हवीत. मेस्तने ग्लव्ह बॉक्स उघडला. फिल्टरचं झाकण एका बाजूने बसलंच नव्हतं, बोटभर फट. तो फिल्टर शेवटी काढला होता पहिल्या सर्व्हिसिंगला, त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये. साफ केल्याची नोंद जॉब कार्डवर आहे, मी जपून ठेवलंय.

मेस्तने तीनशे रुपये घेतले.

कार्पेट वाळवणं मात्र नळी साफ करण्यापेक्षा कठीण गेलं. कार्पेटखाली जाड नमदा असतो आणि तो पाणी सोडत नाही. जुलैत गोव्यात काही वाळतं का? त्याने कडेची पट्टी काढून कार्पेट उचलून धरलं, खाली वर्तमानपत्रं कोंबली, रात्री ओसरीवरचा टेबल फॅन दारातून आत लावला. दिवसा गाडी चालवताना एसीसोबत गरम हवा पायाशी सोडायची. उकडतं, पण एसीमुळे हवा कोरडी असते आणि ओल भराभर ओढली जाते. माझ्या दोघी सहकाऱ्यांनी तो आठवडा कदंबाच्या सरकारी बसने जाणं पसंत केलं.

मग सर्व्हिस सेंटरच्या फीडबॅकवालीचा फोन. ‘मॅडम, दहापैकी दहा द्याल ना?’ तिची बिचारीची काय चूक, पण सगळी गोष्ट तिला ऐकावी लागली, पातेल्यासकट. नंतर मॅनेजरने मोफत कार वॉशचं कूपन पाठवलं. पाण्याचंच कूपन!

तेव्हापासून माझी सवय अशी. घरी परतताना फर्मागुडी आली की एसी बंद, पंखा चालू. घर येईपर्यंत आतली जाळी सुकते, बुरशी धरत नाही, वास येत नाही. वायपरखालची पानं रविवारी हाताने काढते. पावसात काच आतून धुरकट झाली तर हवा बाहेरून घेण्यावर ठेवते, एसी चालूच. आतलीच हवा फिरवत राहिलात तर तिघींच्या श्वासाने काच आणखी धुरकटते. काच बाहेरून धुरकटली तर ती फार गार झालेली असते, हवा पायाकडे वळवायची आणि वायपर एकदा मारायचा. आणि सनरूफ. त्याच्याही चार कोपऱ्यांतून पाणी जायला नळ्या असतात, खांबांच्या आतून खाली उतरणाऱ्या. चिंच त्यांनाही सोडणार नाही. सनरूफचे पैसे वाचले याचा आनंद मला तेव्हा झाला त्यापेक्षा आता जास्त आहे.

बाकीचं थोडक्यात. मायलेज या रस्त्यावर पंधराच्या आसपास, बाणस्तारीला कोंडी असली की खाली. ई२० पेट्रोलला नावं ठेवणाऱ्यांचं चुकत नाही. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, तेव्हा वीस टक्के मिसळल्यावर फरक पडणारच. डिकी प्रचंड, चवथीची माटोळी (गणपतीवर टांगायची फळं-पानं) आणि बाजार एका फेरीत आला. मागच्या सीटला मधला प्रवासी सुखी नाही, पायाशी मध्येच उंचवटा आहे. हॉर्न पिपाणी. ऑटोमॅटिकमुळे डाव्या पायाला आराम, आणि भोमच्या रांगेत तेवढा एक मुद्दाही पैसे वसूल करतो.

आता पैशांचं दुखणं. मी पाडव्याला घेतली तेव्हा या आकाराच्या गाडीवर जीएसटी आणि सेस मिळून ४५ टक्के होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते ४० झाले. चार मीटरच्या आतल्या लहान पेट्रोल सेडान तर १८ टक्क्यांवर आल्या. त्या आठवड्यात शोरूमवरून जाताना मी दुसरीकडे बघत गेले. आज घ्यायची असती तर लहान सेडान एकदा नक्की बसून पाहिली असती. तरी मांडीखालचा आधार आणि मागच्या पायांना जागा बघता बहुतेक हीच घेतली असती, असं मी स्वतःला सांगते.

घेणार असाल तर टेस्ट ड्राइव्हला शोरूमभोवतीची गुळगुळीत फेरी मारून येऊ नका. मागे तिघांना बसवा, गाडी भोमपर्यंत न्या, एखादा हातभर रुंद गतिरोधक मुद्दाम घ्या, परत येऊन एसी चालू ठेवून गाडीखाली वाकून बघा. नाही म्हणाले तर दुसरं शोरूम गाठा.