नव्वद रुपयांच्या नोट्स आणि एमेका अन्याओकू

दादर स्टेशनबाहेर स्पर्धा परीक्षांच्या झेरॉक्स नोट्सच्या गठ्ठ्यात आफ्रिकी मुत्सद्द्यांवरची ही पुस्तिका ९० रुपयांना मिळते. एमेका अन्याओकूंवरची चार पानं पैसे वसूल करतात. १९३३चा जन्म, इबादानचं शिक्षण दोन ओळींत उरकलंय, आणि ते बरंच आहे. १९८३ मध्ये ते नायजेरियाचे परराष्ट्रमंत्री झाले, वर्षअखेरीस लष्करानं सत्ता बळकावली आणि ते लंडनला राष्ट्रकुल सचिवालयात उपमहासचिवपदी परतले. हा दुवा घाईच्या नोट्समध्ये हमखास गळतो, इथे आहे. महासचिवपदाचा काळही बरोबर: १९९० ते २०००.

घोळ पुढच्या पानावर. नायजेरियातले लेखक आणि पर्यावरण कार्यकर्ते केन सारो-विवांना तिथल्या लष्करी राजवटीनं १० नोव्हेंबर १९९५ रोजी फाशी दिल्यावर राष्ट्रकुलाच्या ऑकलंड परिषदेत नायजेरियाची राष्ट्रकुलातून ‘हकालपट्टी’ झाली, असं छापलंय. ते निलंबन होतं, १९९९ मध्ये उठलं. बहुपर्यायी प्रश्नात नेमका हाच शब्द गुण घालवतो, तेव्हा तिथे खाडाखोड करूनच वाचा. स्वतःच्याच देशावर कारवाई होताना महासचिवपदी अन्याओकूच होते, हा सगळ्यात रंजक मुद्दा मात्र अर्ध्या ओळीत गुंडाळलाय!

कागद पातळ आहे, हायलायटर मागच्या पानावर उतरतो. पेन्सिल बरी.