'४के रिमास्टर'च्या नावाखाली मला डीव्हीडी विकली

सील फोडलं तेव्हा काहीच खटकलं नव्हतं. काळी केस (यूएचडीची, म्हणजे ४के डिस्कची, काळीच असते, साध्या ब्लू-रेची निळी), कव्हरची छपाई चकचकीत, मागे ॲटमॉस (चहूबाजूंनी येणारा आवाज), एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला) सगळे लोगो जागच्या जागी. पिक्चर ब्लेड रनर, फायनल कट म्हणजे दिग्दर्शकाची शेवटची आवृत्ती. हा मी इतक्यांदा पाहिलाय की घरचे वैतागलेत, पण चांगल्या क्वालिटीत कधीच नाही, त्यामुळे ऑनलाइन एका विक्रेत्याकडे निम्म्या किमतीत दिसल्यावर राहवलं नाही. निम्म्यात कसा काय, हे तेव्हाच विचारायला हवं होतं, जाऊ दे.

पहिलाच सीन, रात्रीचं शहर आणि धुराड्यांमधून उसळणारे आगीचे लोळ. १९८२ चा पिक्चर, बाकी शूटिंग ३५ एमएमवर पण हे इफेक्टचे शॉट ६५ एमएमवर घेतलेत, कारण एकावर एक थर चढवताना चित्र खराब होतं आणि मोठ्या फिल्मवर ते कमी जाणवतं. म्हणजे धारदार चित्र कुठे दिसायला हवं तर इथे. मला दिसलं काय, तर काळ्या आकाशात करड्या पट्ट्या, त्यात वळवळणारे चौकोन, खालचे दिवे एकमेकांत कालवलेले. पुढे माणसांचे चेहरे तर मेणाचे, फिल्मचं ग्रेन, म्हणजे ते बारीक कण, औषधालाही नाही. पावसाच्या सीनला मागचे स्पीकर मुके, रिसीव्हरवर बघतो तर डॉल्बी डिजिटल, दोन चॅनेल. ॲटमॉस फक्त कव्हरवर!

तरी मी गप्प बसलो कारण टीव्ही २१६०पी, म्हणजे ४के, दाखवत होता. इथेच फसलो. तो आकडा डिस्कचा नसतो, प्लेअर आत काहीही घातलं तरी ताणून ४के करून पाठवतो. बघायचं असतं ते एचडीआरचं चिन्ह, आणि ते शेवटपर्यंत आलंच नव्हतं.

विक्रेत्याला मेसेज केला तर फार गोड बोलला. सर, तुमच्या प्लेअरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) जुनं असेल. केलं अपडेट. मग केबल बदला, बदलली. मग टीव्हीच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट पाठवा. प्रत्येक उत्तराला दोन-तीन दिवस लावायचा, आणि या सगळ्यात परत करायची मुदत संपली, ज्यासाठीच हे चाललं होतं हे मला अर्थातच नंतर कळलं.

पकडलं ते भावाने, आणि कानाने. तो कीबोर्ड वाजवतो. शेवटचं संगीत सुरू झालं तर म्हणाला, दादा, हे चढं का वाजतंय, अर्धा सूर तरी वर आहे. मी म्हटलं तुला काहीही ऐकू येतं. मग सहज लांबी बघितली, फायनल कट ११७ मिनिटांचा, हा ११२ मध्ये संपला. एकही सीन कापलेला नव्हता! पाल डीव्हीडीत (भारत-युरोपात चालणारी पद्धत) सेकंदाला २४ फ्रेमचा पिक्चर २५ ने पळवतात, म्हणून तो चार टक्के लवकर संपतो आणि आवाजही तेवढाच चढतो. म्हणजे कुणीतरी ७२० बाय ५७६ ची जुनी डीव्हीडी फुगवून मला विकली होती, खऱ्या ४केच्या एक विसांश पिक्सेल.

तेव्हा कुठे डिस्क उलटी करून उजेडात धरली. कारखान्यात छापलेली डिस्क खालून चंदेरी असते, आतल्या कड्यावर बारीक कोड आणि बारकोड. ही काळपट, आणि मधोमध एक गोल रेघ, रेघेच्या आत एक छटा आणि बाहेर दुसरी, म्हणजे जिथपर्यंत बर्न झालं तिथपर्यंतचा डाग. कॉम्प्युटरला लावली तर सरळ बीडी-आर, म्हणजे घरी बर्न करायची कोरी ब्लू-रे, २५ जीबी, त्यातही निम्मी रिकामी. यूएचडी डिस्क ५०, ६६ किंवा १०० जीबीची असते, २५ ची नसतेच. दोन मिनिटांचं काम होतं हो, पहिल्याच दिवशी केलं असतं तर पैसे परत मिळाले असते, पण मी सील बघून खूश.

साईटकडे तक्रार केली, मुदत संपली म्हणून बंद केली. विक्रेत्याचं नाव बदललंय, फोटो तेच आहेत.

आता पैसे द्यायच्या आधी डिस्कच्या मागच्या बाजूचा फोटो मागतो, आतलं कडं दिसेल असा. परवा एकाकडे मागितला, त्याने सहा फोटो पाठवले, सहाही कव्हरचे.