दयाळ की चीरक?

साताऱ्यात अंगणातल्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याला सरसकट ‘दयाळ’ म्हटलं जातं. पण त्यातला एखादा चीरक हा वेगळाच पक्षी असतो. गडबड होते ती शेपटीमुळे: दयाळ आणि चीरक दोघेही ती उभी करतात.

म्हणून शेपटीखाली बघा. चीरकाच्या बुडाशी तांबूस-विटकरी रंग दिसतो. दयाळाचं पोट आणि शेपटीच्या कडा पांढऱ्या. नर दयाळाच्या पंखावरचा लांब पांढरा पट्टा बसलेला असतानाही स्वच्छ दिसतो. नर चीरकाच्या खांद्यावरचा पांढरा ठिपका मात्र बसल्यावर बराचसा झाकला जातो, उडाला की चमकतो. त्यामुळे एका नजरेत निकाल देऊ नका, तो उडेपर्यंत थांबा.

माद्यांत चूक जास्त होते. दयाळाची मादी राखाडी, पण पट्टा कायम. चीरकाची मादी तपकिरी, पंखावर पांढरं काहीच नाही; बुडाचा विटकरी रंग हीच तिची खूण.

आकार: दयाळ सुमारे 19 सेंमी, चीरक 16.

जागाही बोलते. झाडी, सावली, ओला पालापाचोळा असेल तर दयाळ. माण-खटावचं खडकाळ माळरान, दगडी बांध असतील तर चीरक. गावाच्या कडेला दोघेही भेटतात, तिथे जागेवर विसंबू नका.

आवाजात दयाळच सरस! उन्हाळ्यात पहाटे उंच शेंड्यावरून तो लांब, गोड, बदलत्या शिळा घालतो.