आधी श्वास सोडा: बोगमाळोच्या स्कूबा वर्गाविषयी

दोन वर्षांपूर्वी गोव्यातल्या ग्रँड बेटाजवळ एका स्वस्त पॅकेजमधून मी प्रथम स्कूबा (सिलिंडरमधल्या हवेवर पाण्याखाली पोहणे) केले, तेव्हा जेमतेम दहा मिनिटांच्या माहितीनंतर पाठीवरचा सिलिंडर धरून मला खाली नेण्यात आले आणि मास्कमध्ये पाणी शिरताच माझा जीव असा घाबरा झाला, की मी सिलिंडरची हवा पुरवणारा तोंडातला रेग्युलेटरच ओढून काढायला निघाले होते. वर आल्यावर ‘फोटो छान आलेत’ एवढेच ऐकवले गेले.

त्यामुळे यंदा जानेवारीत गोव्यातल्याच बोगमाळोच्या एका केंद्रात नाव नोंदवताना मन साशंक होते. तेथे आधी दमा, हृदयविकार, कानाची दुखणी यांची चौकशी करणारा अर्ज भरून घेतला आणि सकाळचा सगळा वेळ कमरेएवढ्या पाण्यातल्या सरावाला दिला. प्रशिक्षक मालवणचे असल्यामुळे सूचना मराठीत मिळाल्या. घाबरलेल्या माणसाला आपल्या भाषेचा केवढा आधार वाटतो, हे तेव्हा कळले. घाबरल्यावर आपण भराभर, वरवरचे श्वास घेतो, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सिलिंडर भरलेला असूनही हवा पुरत नाही असे वाटते. म्हणून आधी थांबायचे आणि श्वास सावकाश, पूर्ण सोडायचा, हे त्यांनी पुन्हा पुन्हा करून घेतले. श्वास रोखून वर धावणे का घातक, हेही नीट समजावले: 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तिथे छातीत भरलेली हवा वर येताना दुप्पट फुगू पाहते. मास्कची वरची कड दाबून, मान किंचित वर करून नाकाने श्वास सोडत आतले पाणी बाहेर काढणे सातव्या खेपेस जमले.

दुपारी समुद्रात सहा मीटरवर पाणी गढूळ झाले आणि धडधड पुन्हा सुरू झाली. मी दोर धरला, पंजा हलवून अडचणीची खूण केली. प्रशिक्षक दंड धरून नुसते थांबून राहिले. चार-पाच लांब उच्छ्वासांनंतर मीच पुढे जाण्याची खूण केली.

तक्रारी आहेतच. जाहिरातीतले निळेशार पाणी गोव्याचे नव्हे, भाड्याच्या मास्कचा पट्टा सैल होता, बोट तासभर उशिरा सुटली. शिवाय एका बुडीनंतर किमान 12 आणि अनेक बुड्यांनंतर 18 तास विमानप्रवास टाळावा, ही सूचना पैसे भरताना न देता परतताना दिली. आमच्यातल्या पुण्याच्या जोडप्याचे त्याच रात्रीचे तिकीट होते.