दीर्घ मुदतीचा व्हिसा की नागरिकत्व?

नागपूरच्या जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेल्या सिंधी हिंदू कुटुंबांपुढे हे दोन कागद असतात. व्हिसावर पोट भरतं. आधार, पॅन, वाहन परवाना मिळतो, राहण्यापुरतं घरही घेता येतं. मतदान मात्र नाही, आणि नूतनीकरणाच्या फेऱ्या सुटत नाहीत. खरी बोच मुलांची. आईवडील दोघंही व्हिसावर असतील तर 1 जुलै 1987 पासून इथे जन्मलेलं लेकरूही जन्माने भारतीय ठरत नाही. ते ‘काय करून राहिला बे’ म्हणत असलं तरी!

म्हणून मला विचाराल तर नागरिकत्वच. नागरिकत्व कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने (सीएए) 11 वर्षांच्या वास्तव्याची अट 5 वर आणली, नियम 2024 मध्ये आले. पण 31 डिसेंबर 2014 नंतर आलेल्यांना ती सवलत नाही. थोरला भाऊ 2013 मध्ये आलेला, धाकटा 2015 मध्ये, तर एकाच घरात दोन हिशेब.