डोमिंगो, बिग झॅक की डिलिशियस? वजनाच्या स्पर्धेसाठी बियाण्याची पारख

स्पर्धेसाठी टोमॅटो लावायचा असेल तर काटकसर कुठेही करा, बियाण्यात नको. खतपाणी आणि आधार यांच्या जोरावर फळ आपल्या ताकदीपर्यंत पोचतं, पण ती ताकद बियातच असावी लागते. किलोच्या पुढची फळं देणारे म्हणून बरेच वाण विकले जातात. प्रत्यक्ष काट्यावर ज्यांनी जागतिक नोंदी केल्या त्यांत मात्र तीन ठळक: डिलिशियस, बिग झॅक आणि डोमिंगो. हे परीक्षण त्या तिघांचंच आहे.

1986 साली ओक्लाहोमातल्या एडमंड इथे डिलिशियसचं 3.51 किलोचं फळ भरलं आणि तो विक्रम 2014 पर्यंत कुणाला मोडता आला नाही. 2014 मध्ये मिनेसोटात बिग झॅकने 3.8 किलोचा टप्पा गाठला. पुढची बाजी डोमिंगोची: 2019 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या वॉला वॉला इथे 4.896 किलो आणि 2022 मध्ये पुन्हा मिनेसोटात 5.284 किलो. क्रम बघितला की निकाल उघड आहे. विक्रमाच्या मागे असाल तर डोमिंगोच घ्या. पण ते कुठलंही डोमिंगो नव्हे, आणि ही अट समजून घेतल्याशिवाय पाकीट मागवू नका.

डोमिंगो हा सरळ वाण आहे, संकरित नाही. त्यामुळे पिढ्यानपिढ्या जड फळांचं बी निवडत गेलेली ओळ आणि नुसतं नाव लावून विकलेलं बी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. स्पर्धेतली मंडळी बियाची ओळख आईफळाचं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव आणि साल अशी लिहितात. पाकिटावर तेवढी नोंद असेल तर ते बी घेण्यासारखं आहे. फक्त ‘डोमिंगो, महाकाय फळं’ एवढंच छापलेलं असेल तर सोडून द्या. दुसरा प्रश्न विचारायचा तो फूल पिशवीत बांधून बी धरलं होतं का, हा. साध्या टोमॅटोत स्त्रीकेसर परागकोशांच्या नळीत झाकलेला असतो, म्हणून परागीकरण घरच्या घरी होतं. जोडफुलांत, म्हणजे अनेक फुलं एकजीव होऊन बनलेल्या मोठ्या फुलांत, तो बाहेर डोकावतो आणि मधमाश्या शेजारच्या झाडाचे पराग आणून ठेवतात. बी शुद्ध हवं असेल तर फूल उमलण्याआधी जाळीदार पिशवी बांधलेली असली पाहिजे.

बिग झॅक न्यू जर्सीच्या मिनी झकारिया यांनी तयार केला. तो संकरित आहे, म्हणून पाकिटातली रोपं बरीचशी सारखी निघतात, वाढ जोमदार असते. पण त्याच्या फळातून धरलेलं बी पुढच्या पिढीत फाटतं: एका झाडाला मोठी फळं, शेजारच्याला सामान्य. दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं, शिवाय फळ खोल खाचांचं असल्याने खांद्याजवळ पाणी साचतं. डिलिशियस 1964 पासून बर्पी या अमेरिकी बियाणे कंपनीच्या यादीत आहे. फळ तिघांत सगळ्यात गुळगुळीत, भरीव आणि तडे कमी जाणारं. साध्या निगराणीत साधारण अर्धा किलो आणि क्वचित किलोभर फळ देतं. पहिलाच हंगाम असेल तर आम्ही याचीच शिफारस करू, कारण यावर हात बसतो आणि चुका महागात पडत नाहीत. जोडफुलं मात्र याला कमी येतात, आणि काट्यावर फरक तिथेच पडतो.

जोडफूल म्हणजे एकाच देठावर अनेक फुलं एकजीव झालेलं फूल. साध्या फुलाला पाच-सहा पाकळ्या असतात, यात वीस-तीसही भरतात. मधला स्त्रीकेसर गोल टोकाचा नसतो. चपट्या, वाकड्या फितीसारखा पसरलेला दिसतो. जितकी बीजांडकोशं जुळलेली तितके फळात कप्पे जास्त, आणि कप्पे जास्त तितकं वजन. स्पर्धेचं फळ जवळजवळ नेहमी अशाच फुलातून येतं. झाडावर ते ओळखता आलं नाही तर सर्वोत्तम बीही वाया जातं.

बी 6 ते 8 मिलिमीटर खोल, 24 ते 29 अंश तापमानात पेरा, आठवड्याभरात उगवतं. खरी पानं फुटायला लागली की दोन-तीन आठवडे रोपांना 10 ते 13 अंशांची थंड रात्र द्या. पहिल्या घोसाच्या कळ्या याच काळात आत तयार होत असतात आणि थंडीने त्यांच्यातली कप्प्यांची संख्या वाढते. त्याखाली तापमान गेलं तर रोप थिजतं, म्हणून थर्मामीटर रोपाजवळच ठेवा, खोलीच्या भिंतीवर नको. पुनर्लागण करताना खोड पहिल्या पानांपर्यंत मातीत गाडा, त्यातून जादा मुळं फुटतात. मातीचा सामू (pH) 6.2 ते 6.8 आणि दोन झाडांत किमान सव्वा मीटर अंतर हवं. गर्दी झाली की करपा आधी खालच्या पानांवर येतो.

झाडावर एक किंवा दोन शेंडे ठेवून बाकी फुटवे बोटाएवढे असतानाच खुडा. फूल उमललं की भर दुपारी, हवा कोरडी असताना, विजेवर चालणाऱ्या टूथब्रशची मागची बाजू देठाला लावून पराग झाडा. पसरट स्त्रीकेसराचे भाग वेगवेगळ्या दिवशी पक्व होतात, म्हणून सलग तीन-चार दिवस हे करायचं. एकदाच केलं तर फळाची एकच बाजू भरते, दुसरी आखडते. रात्र 24 अंशांच्या वर आणि दिवस 32च्या वर गेला तर पराग निकामी होऊन फुलगळ होते. तिथे कुठलीही फवारणी कामाला येत नाही, सावलीची जाळीच लागते.

फळ धरल्यावर सुकलेल्या पाकळ्या चिमट्याने एकेक काढा. त्या खाचांत चिकटून राहिल्या की ओलीने कुजतात आणि बुरशी थेट फळात शिरते. हे काम कंटाळवाणं आहे, पण किलोभराचं फळ तळाशी मऊ पडलेलं बघण्यापेक्षा बरं. मग विरळणी: झाडावर एक, फार तर दोन फळं. फळ लिंबाएवढं झालं की देठावरचा भार काढण्यासाठी मऊ जाळीची झोळी वरच्या तारेला बांधा, आणि घोसाचा देठ खोडाला जिथे मिळतो तो कोनही सैल पट्टीने उचलून धरा. देठ मुरगळला की रसवाहिन्या दबतात आणि वाढ तिथेच थांबते.

फूल येईपर्यंत 19:19:19 (नत्र, स्फुरद आणि पोटॅश सारख्या प्रमाणात असलेलं खत) दर लिटर पाण्याला एक ग्रॅम पुरे, फळ धरल्यावर नत्र कमी करून पोटॅश वाढवा. कॅल्शियम नायट्रेट दर लिटरला एक ग्रॅम, वेगळ्या दिवशी. फॉस्फेट किंवा सल्फेटच्या खतात मिसळलं तर साका बसतो आणि ठिबकच्या नळ्या तुंबतात. फळाचं बूड काळं पडणं हे बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम नसल्याने होत नाही. पाणी कमी-जास्त झाल्याने कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, म्हणून होतं. तडेही त्याच कारणाने जातात: कोरड पडल्यावर एकदम भरपूर पाणी दिलं की आतला गर सालीपेक्षा वेगाने फुगतो. दाट आच्छादन आणि रोज ठरलेल्या वेळी मोजून पाणी, याला पर्याय नाही. उघड्या पडलेल्या फळावर पांढरं कापड टाका, ऊन लागलेली साल पांढरट होऊन चिवट बनते आणि तिथेच फाटते.

फळधारणेपासून पिकेपर्यंत साधारण 50 ते 65 दिवस धरा, मोठ्या फळाला वरचा आकडाच लागतो. स्पर्धेच्या तारखेपासून उलटे मोजून पेरणी ठरवा. रंग फिरायला लागला की वजन वाढणं जवळजवळ थांबतं. पूर्ण लाल होईपर्यंत झाडावर ठेवण्यात फायदा काही नाही, फुटण्याची जोखीम तेवढी वाढते. भेग आतल्या पोकळीपर्यंत गेली किंवा कूज दिसली तर फळ बाद होऊ शकतं, त्यामुळे त्या त्या स्पर्धेची नियमावली, विशेषतः देठ किती ठेवायचा ते कलम, तोडणीआधी वाचा.

आमची गुणवारी: नोंदीसह मिळालेलं, फुलाला पिशवी बांधून धरलेलं डोमिंगो पाचपैकी पाच, बिननोंदीचं दोन. डिलिशियस चार. बिग झॅक साडेतीन, आणि तेही जातिवंत संकरित पाकीट मिळालं तरच. बी घेताना एका वाणाचे किमान दहा दाणे घ्या. त्यांतली सहा रोपं वाढवून पहिल्या घोसावर ज्याला जोडफूल आलं तेच झाड ठेवायचं, बाकीची काढून त्याला मोकळी जागा द्यायची.