'घोस्ट ऑपेरा'ची सीडी: अर्धी रिकामी, तरी ठेवून घेतली

अ‍ॅम्प्लिफायरच्या उजव्या चॅनलला खरखर यायला लागली म्हणून तो दुरुस्तीला टाकला. चाचणीसाठी सोबत 'घोस्ट ऑपेरा'ची सीडी नेली होती; या रचनेत वाद्यांच्या जोडीला पाणी, दगड, कागदही वाजतात. काउंटरवरच्या मुलाने दोन मिनिटं ऐकलं आणि निकाल दिला, "काका, आवाज गाण्यातच आहे." मी म्हटलं, पाण्याचा आवाज गाण्यातला आहे, खरखर नाही. त्याने पुढचा ट्रॅक लावला, मग थेट पाचवा. पाचव्यात कागद चुरगळतात. "हे बघा, इथेपण आहे." आता यावर काय बोलणार? तपासणीचे तीनशे रुपये घेऊन मला घरी पाठवलं आणि पावतीवर लिहिलं: 'मशीन ओके, सीडीत दोष.'

सीडीत दोष आहे, पण तो हा नव्हे. चिनी संगीतकार तान दुनने १९९४ साली लिहिलेली, क्रोनॉस क्वार्टेट (चार तंतुवादकांचा अमेरिकन संच) आणि पिपा हे चिनी तंतुवाद्य वाजवणारी वू मान यांनी वाजवलेली ही रचना नोनसच या रेकॉर्ड कंपनीने १९९७ मध्ये बाजारात आणली. दोष असा की डिस्कवर ७४ मिनिटं मावतात आणि हिच्यावर आहेत जेमतेम ३५-३६. पाच भाग झाले की खेळ खलास! परदेशातून मागवलेल्या सीडीला पूर्ण किंमत मोजायची, वर टपालखर्च, आणि अर्धी डिस्क कोरी. याच तान दुनचं 'एट कलर्स' चार तंतुवाद्यांसाठीच लिहिलेलं आहे, तेही बसलं असतं की शेजारी. मिनिटाला किती रुपये पडले याचा हिशेब मी केला आहे. इथे लिहीत नाही, कारण घरच्यांनी तो अजून पाहिलेला नाही.

दुसरी तक्रार व्हॉल्यूमची, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. सुरुवातीला भांड्यातलं पाणी इतकं हळू ठिबकतं की आवाज वाढवावाच लागतो. वाढवला की आतून हाक, "अहो, मोरीतला नळ बंद करा." नळ बंदच असतो. तेवढ्यात चौघं वादक तोंडाने आरडाओरडा करतात, झांजा आदळतात, आणि वरच्या मजल्यावरून फोन येतो. पहिले काही आठवडे मी रिमोट हातातून सोडलाच नाही. माझं तेव्हाचं मत लिहून ठेवलेलं आहे: 'चिनी मंत्रघोष, शेक्सपिअर, बाख, दगड, पाणी, सगळं एका पातेल्यात. पैसे वाया.'

ते मत आता राहिलेलं नाही. फरक पडला हेडफोनमुळे. स्पीकरवर जो नुसता ठिबका होता त्यात उतरती-चढती पट्टी ऐकू येते. पाण्यात बुडवता बुडवता वाजवलेल्या घंटेचा सूर वाकतो, आणि त्याच्यावर क्वार्टेट अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार बाखचं सी शार्प मायनर या स्वरपट्टीतलं प्रील्यूड (छोटी रचना) धरतं, 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर' या त्याच्या संग्रहाच्या दुसऱ्या खंडातलं. हे प्रील्यूड सजावट म्हणून चिकटवलेलं नाही. चीनमधल्या हूनान प्रांताच्या खेड्यांत मृतांशी, येणाऱ्या-जाणाऱ्या आत्म्यांशी बोलणारे विधी असत, तान दुन लहानपणी तिथेच वाढला. त्या धर्तीवर इथे बाखलाच बोलावलेलं आहे. तो येतो, अर्धवट बोलतो, पुसट होतो.

तिसरा भाग मात्र नीट बसून ऐका. त्यात 'शिआओ बायत्साय' हे चिनी लोकगीत आहे. आई गेलेली, बापाने दुसरं लग्न केलेलं, अशा पोरक्या मुलीचं. विषय आपल्या जात्यावरच्या ओव्यांतला म्हणून खपेल. पिपा वाजवताना पाची बोटांना नकली नखं पट्टीने चिकटवलेली असतात. ती बोटं तारेवरून एकामागून एक इतकी भरभर फिरतात की तुटक टंकार सलग सुरासारखे वाटायला लागतात. आणि डाव्या हाताने तार बाजूला ओढली की सतारीच्या मींडेसारखा सूर सरकतो. इथे गंमत अशी की क्वार्टेट तिला सरळ 'साथ' देत नाही. व्हायोलिनसुद्धा तसंच घसरायला लागतं, चेलो तारा छेडून पिपाच्या अंगाने जातो. फ्यूजनच्या नावाखाली दोन्हीकडचे लोक आळीपाळीने वाजवतात आणि शेवटी एकत्र तिहाई घेतात, त्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. इथे तसं काही नाही. कोण कोणाकडे गेलं हे सांगता येत नाही.

कंजूस मंडळी म्हणतील, ऑनलाइन फुकट ऐका. ऐकून पाहिलं. दोन भागांच्या मधे, नेमक्या त्या शांततेत, कर्जाची जाहिरात. या रचनेत शांतता हा मालाचाच भाग आहे, ती कापून चालत नाही. एवढ्यासाठी तरी सीडी.

हां, अ‍ॅम्प्लिफायरचं राहिलं. दुसऱ्या खेपेला मी 'घोस्ट ऑपेरा' घरी ठेवली आणि आशाताईंची २००५ सालची डिस्क नेली, हेच क्रोनॉस, राहुल देव बर्मनची गाणी, तबल्यावर झाकीरभाई. तिच्यातही वू मानची पिपा आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सत्तरी ओलांडलेल्या आशाताई 'चुरा लिया है' म्हणताहेत आणि उजवीकडून कुर्र कुर्र. आता हे गाण्यातलं आहे असं म्हणायची त्या मुलाची छाती झाली नाही. व्हॉल्यूमचं पोटेन्शिओमीटर, म्हणजे आवाजाच्या बटणामागचा भाग, खराब निघालं. ते बदललं. आधीचे तीनशे मात्र परत मिळाले नाहीत.

तर, घ्यावी का? नवी घेऊ नका, जुनी चांगल्या स्थितीत मिळाली तर घ्या. रात्री, हेडफोनवर, सलग. पाहुण्यांना ऐकवायच्या भानगडीत पडू नका. पाचव्या भागातले कागद अजूनही मला जरा लांबलेले वाटतात, पण तक्रार करत नाही, आधीच मिनिटं कमी आहेत. पुढे अमेरिकन संगीतकार टेरी रायलीची 'द कस्प ऑफ मॅजिक' घ्यायचा विचार आहे, तीही क्रोनॉस आणि वू मानचीच, २००८ची. यावेळी मागच्या कव्हरवरची मिनिटं आधी बघणार, मग पैसे.